पिवळी केमन एस : ‘भारतात एकच’ हे ठरवायचं कसं?

रामबागकर (धागाकर्ता), इंदूर
रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

दोन महिन्यांपूर्वी मुंबईहून एक पोर्शे केमन एस घेतली. मॉडेल २००८, ३.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, रंग भडक पिवळा. माझा सांवेर रोडला लेथ-मिलिंगचा छोटा कारखाना आहे. तिथे पंधरा वर्षं दर दिवाळीला थोडे बाजूला टाकत होतो, ते या गाडीसाठी. गाडी दारात आली त्या संध्याकाळी आईने तिला हळदकुंकू लावलं. पिवळ्यावर हळद काही दिसली नाही, कुंकू मात्र उठून दिसलं.

आता मुद्दा. ज्या विक्रेत्याकडून घेतली त्याने (नाव इथे लिहीत नाही) बिलासोबत एक छापील कागद दिला. त्यावर लिहिलंय की पिवळा रंग, मॅन्युअल गिअर, स्पोर्ट क्रोनो (गाडी जास्त चपळ करणारा पॅक), बोस (म्युझिक सिस्टिम) आणि गरम होणाऱ्या सीट अशी केमन एस ‘भारतात एकच’ आहे. खाली टक्के मांडलेत : पिवळ्या गाड्या इतके टक्के, मॅन्युअल इतके टक्के, मग सगळ्यांचा गुणाकार, आणि उत्तर एकाहून कमी गाडी! या कागदाच्या जोरावर त्याने बाजारभावापेक्षा ४ लाख जास्त घेतले, आणि मी दिले.

पैसे दिले ते दिले, त्याबद्दल भांडायला आलो नाही. पण ही गाडी मला पुढची वीस वर्षं सांभाळायची आहे. तिच्याबद्दल कोणी विचारलं तर मी जे सांगीन ते खरं असावं, एवढंच हवंय. कारखान्यातून एखादी गाडी नेमकी कशी बाहेर पडली आणि तशा किती पडल्या, हे शोधायची खात्रीची रीत कोणती?

---

बॉक्सर_सहा, पुणे
रविवार, रात्री ११.२५

रामबागकर, मनापासून अभिनंदन. माझ्याकडे ९८६ बॉक्स्टर आहे (पोर्शेचीच, उघड्या टपाची), म्हणजे तुमच्या गाडीची थोरली बहीण.

तो छापील कागद बाजूला ठेवा आणि आधी गाडीलाच विचारा. पुढचं झाकण उघडा (इंजिन मागे, सामान पुढे). झाकणाच्या आतल्या अंगाला एक कागदी स्टिकर असतो. त्यावर चासी नंबर, इंजिन-गिअरबॉक्सचे कोड, रंगाचा आणि आतल्या चामड्याचा कोड, आणि खाली तीन-तीन आकड्या-अक्षरांचे ऑप्शन कोड ओळीने छापलेले असतात. हाच स्टिकर मेंटेनन्सच्या पुस्तिकेतही चिकटवलेला असतो. दोन्ही जागी सारखंच छापलेलं हवं. नसेल तर एक तर झाकण बदललंय, म्हणजे पुढून ठोकलेली आहे, नाही तर पुस्तिका दुसऱ्या गाडीची आहे.

काही कोड देतो, ताडून पाहा. १२जी हा पिवळा, ज्याला पोर्शे स्पीड यलो म्हणते. ६४० स्पोर्ट क्रोनो, ४७५ म्हणजे पासम (सस्पेन्शन कडक-मऊ करणारी यंत्रणा), ६८० बोस, ३४२ गरम होणाऱ्या सीट. २४९ म्हणजे टिपट्रॉनिक (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), मॅन्युअल गाडीत तो दिसायलाच नको. ‘सी’ने सुरू होणारा कोड देशाचा असतो, म्हणजे गाडी कुठल्या देशासाठी बनवली तो. हा कोड नीट बघाच.

चासी नंबरही वाचायला शिका. युरोपी पद्धतीत सुरुवातीला डब्ल्यूपी०, मग तीन झेड, मग ९८, मग झेड. त्यानंतरचा दहावा आकडा मॉडेल वर्षाचा, अकरावं अक्षर कारखान्याचं, बारावा आकडा ७ : मागचे ९८ आणि हा ७ मिळून ९८७, म्हणजे तुमचं मॉडेल.

---

राजदूतवाला, ग्वाल्हेर
सोमवार, सकाळी ७.५०

वाचतोय. आमच्याकडे हाच घोळ राजदूत ३५० मोटरसायकलचा. एचटी (हाय टॉर्क) म्हणजे ३०.५ अश्वशक्ती, एलटी (लो टॉर्क) म्हणजे २७, आणि विकायला निघालेली प्रत्येक गाडी एचटीच असते. वडिलांची १९८६ची आहे. ती एलटी आहे हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ती घेतली तेव्हा मी टाकीवर बसून घरी आलो होतो.

---

रामबागकर, इंदूर
सोमवार, रात्री ९.१५

बॉक्सर_सहा, तुम्ही सांगितलं तसं केलं. कारखान्यातून आल्यावर पुतण्याला हाताशी घेतलं. तो मोबाइलचा टॉर्च धरून उभा, मी झाकणाखाली मान घालून कोड वाचतोय, आणि लिहायला जवळ काही नाही म्हणून किराणा दुकानाच्या बिलामागे लिहून घेतोय. स्टिकरचा उजवा खालचा कोपरा ओलीने फुगून सुटलाय, तिथला शेवटचा कोड निम्माच दिसतो. पुस्तिकेत तोच स्टिकर कोरा करकरीत निघाला. शेवटचा कोड एक्सएससी. म्हणजे सीटच्या डोक्याला टेकायच्या भागावर पोर्शेची मुद्रा दाबलेली. दोन महिने मी तिच्यावर डोकं टेकतोय आणि ती मला कंपनीची नेहमीचीच वाटत होती.

दोन्ही स्टिकर अक्षर न् अक्षर जुळले. १२जी, ४७५, ६४०, ६८०, ३४२, एक्सएससी. २४९ नाही.

आता दोन गोष्टी खटकल्या.

एक, विक्रेत्याने सांगितलं होतं की गाडी श्टुटगार्टच्या कारखान्यात बनली. चासी नंबरात अकरावं अक्षर ‘यू’ आहे. श्टुटगार्ट असतं तर ‘एस’ असायला हवं ना?

दुसरी मोठी. देशाचा कोड सी१६ आहे. शोधलं तर तो ग्रेट ब्रिटनचा निघतो. मला तर ही गाडी पहिल्यापासून भारतातली म्हणून दिली!

आणि हो, आरसीवर उत्पादन ऑक्टोबर २००७ आहे आणि चासी नंबर २००८ म्हणतोय. हे काय?

---

बॉक्सर_सहा, पुणे
सोमवार, रात्री १०.०५

शेवटचं आधी : त्यात काही काळंबेरं नाही. मॉडेल वर्ष आधीच्या वर्षाच्या उन्हाळ्यानंतर सुरू होतं. ऑक्टोबर २००७मधली गाडी २००८ मॉडेलच असणार.

‘यू’ म्हणजे फिनलंडमधलं उसिकाउपुंकी. पोर्शेने बॉक्स्टर आणि केमन तिथल्या व्हालमेट कंपनीकडून बनवून घेतल्या, २०११पर्यंत. तुमची गाडी फिनिश हातांनी जोडलेली आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. इंजिनं श्टुटगार्टहूनच जायची. विक्रेत्याला हे ठाऊक नसावं, नाही तर सांगावंसं वाटलं नसावं.

सी१६ मात्र गंभीर आहे. स्पीडोमीटरच्या तबकडीवर मोठे आकडे कशाचे आहेत, मैलांचे की किलोमीटरचे?

---

रामबागकर, इंदूर
सोमवार, रात्री १०.१२

किलोमीटरचे. मैल कुठेच नाहीत.

---

कागदपत्रंवाला, देवास
सोमवार, रात्री १०.४०

दादा, मी आरटीओची कामं करतो, बावीस वर्षं झाली. मध्ये बोलतोय, पण हे सांगणं जरूर आहे.

परदेशातून गाडी आणायची तर स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा, हे आयात नियमातच आहे. वापरलेली गाडी असेल तर उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली हवी. ब्रिटनच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असतंच, पण तबकडी मैलांची. म्हणजे तुमची तबकडी कोणीतरी बदललेली आहे. आणि तबकडी बदलली की रीडिंगचा आकडाही त्या बदलणाऱ्याच्या हातात गेला.

पहिल्या नोंदणीच्या आरटीओतल्या फाइलमध्ये ‘बिल ऑफ एंट्री’ असायला हवं. कस्टम्सचा तो कागद आहे. गाडी नवी आली की वापरलेली, कोणाच्या नावाने, कुठल्या बंदरात, सगळं त्यात. तो मिळवा. पहिल्या मालकाशी बोलता आलं तर त्याहून उत्तम.

---

सांख्यिकीताई, इंदूर
मंगळवार, दुपारी ३.३०

रामबागकर, मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण होळकर सायन्समध्ये ३१ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. तुमच्या विक्रेत्याचा तो गुणाकार वाचून मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

टक्क्यांचा असा गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा एका निवडीचा दुसरीशी काही संबंध नसतो. दोन फासे टाकले तर एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, तिथे चालतो. माणूस गाडी मागवतो तेव्हा तसं नसतं. जो हौसेने स्पोर्ट क्रोनो घेतो तोच बहुधा कडक सस्पेन्शनही घेतो, आणि तोच भडक रंगाकडे वळतो. साड्यांच्या दुकानात पैठणी घेणारी बाई खणाचं पोलकंही बघतेच, तसं. अशा वेळी गुणाकाराने आलेला आकडा खऱ्यापेक्षा फार लहान येतो. त्याचं उत्तर एकाहून कमी आलं ना? समोर एक गाडी उभी असताना उत्तर एकाहून कमी येतं, तिथेच थांबायला हवं होतं.

आता उलट बाजू पाहा. समजा गाडीत फक्त तीस गोष्टी ‘हवी की नको’ अशा निवडता येतात. तर शक्य जोड्या होतात दोनाचा तिसावा घात : १,०७,३७,४१,८२४. एकशे सात कोटींहून जास्त. रंग आणि चामडं धरलंच नाही. तेव्हा सगळी कलमं धरली तर जगातली जवळपास प्रत्येक भरगच्च मागवलेली गाडी ‘एकच’ ठरते. तुमच्या शेजाऱ्याची हॅचबॅकही स्टेपनीच्या टायरच्या छापासकट मोजली तर एकच असेल.

म्हणून प्रश्न नीट मांडा. किती कलमं धरायची? माझ्या मते ज्यांनी गाडी चालवण्यात किंवा दिसण्यात खरा फरक पडतो तेवढीच, इंजिन, गिअरबॉक्स आणि रंग. कुठल्या भांड्यातून मोजायचं? जगातल्या सगळ्या, उजव्या स्टिअरिंगच्या, की भारतातल्या? आणि कधीच्या? बनल्या तितक्या, की आज चालत्या आहेत तितक्या? हे तीन ठरल्याशिवाय ‘दुर्मीळ’ या शब्दाला काही अर्थ नाही, आणि हे तीन प्रत्येकाने आपल्या सोयीने बदलले की प्रत्येकाची गाडी एकच निघते.

---

बॉक्सर_सहा, पुणे
मंगळवार, संध्याकाळी ६.१०

ताई, दंडवत. हा प्रतिसाद छापून गॅरेजमध्ये लावतो.

याला जोडून : सगळ्या कंपन्या सारख्या नसतात. अमेरिकेत फोर्डच्या १९६७पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो. फोर्डच्या उत्पादनाची मूळ नोंदच त्यांच्याकडे असल्याने ‘या रंगाची, या इंजिनाची, या गिअरबॉक्सची इतक्या बनल्या’ असा खरा आकडा कागदावर येतो. पाँटिअ‍ॅकसाठी १९६१पासूनच्या कारखान्याच्या बिलांच्या प्रती मिळतात. तिथे मोजणी म्हणजे मोजणी, अंदाज नाही.

पोर्शेकडून चासी नंबर देऊन गाडीची मूळ माहिती मागवता येते : मॉडेल, रंग, आतलं चामडं, कारखान्यात बसवलेल्या वस्तू. पण अशा आणखी किती, हे त्यात नसतं. त्यामुळे पोर्शेच्या बाबतीत कोणी छातीठोक आकडा सांगितला तर पहिला प्रश्न एकच विचारायचा : मोजलं कोणी?

अपवाद कंपनीनेच आकडा ठरवून काढलेल्या आवृत्त्यांचा. तुमच्याच पिढीत केमन एस पोर्शे डिझाइन एडिशन १ : ७७७ गाड्या. केमन एस स्पोर्ट : ७००. बॉक्स्टर आरएस६० स्पायडर : १९६० गाड्या, कारण १९६०च्या शर्यतीच्या गाडीची आठवण म्हणून. हे आकडे कंपनीचे आहेत.

आणि रामबागकर, दुर्मीळपणाच्या आधी एक काम. तुमच्या ३.४ इंजिनात, म्हणजे एम९७.२१मध्ये, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचा दोष पुष्कळ गाड्यांत सापडलाय. बोअरस्कोप (सिलिंडरच्या आत घालायचा बारीक कॅमेरा) घालून बघून घ्या. त्याच वेळी मेकॅनिकला इंजिनच्या कॉम्प्युटरमधले ऑपरेटिंग अवर्स वाचायला सांगा. इंजिन एकूण किती तास चाललं, ते तिथे साठतं, तबकडीत नाही. तबकडी बदलली तरी ते राहतं.

---

माणिकबाग, इंदूर
मंगळवार, रात्री ९.००

आपण इंदूरकर ‘एकच’ गाडीवर बोलतोय आणि यशवंतराव महाराजांचं नाव निघालं नाही, हे बरं नव्हे!

दुसरे यशवंतराव होळकर (१९०८ ते १९६१) यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे (मॉडेल जेचीच सुपरचार्जर लावलेली गाडी) मागवली. चासी अमेरिकेची, लांबातली लांब, १५३.५ इंच व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली, दोनच माणसांसाठी. नारिंगी आणि काळा रंग. ड्यूसेनबर्गच्या या मॉडेल जेच्या एकूण गाड्या सुमारे ४८०. त्यांतली ही एकच, कारण ती एकाच माणसासाठी एकदाच बांधली. तिथे टक्क्यांचा हिशेब लागत नाही, बांधणाऱ्याची वही पुरते.

ज्या माणसाने जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, खुर्च्या-दिव्यांपर्यंत सगळं ठरवून, तो गाडीही तशीच मागवणार. आज त्या वास्तूत करखात्याचं कार्यालय आहे. मी लहानपणी वडिलांबरोबर फाटकापर्यंत जायचो आणि तिथे ती नारिंगी गाडी आतून बाहेर येत असल्याचं डोळ्यांसमोर आणायचो. ती गाडी देशाबाहेर गेली, हे मात्र आजही लागतं.

---

राजदूतवाला, ग्वाल्हेर
मंगळवार, रात्री ९.२०

माणिकबाग साहेब, यावर वेगळा धागा काढाच. इथल्या जयविलास राजवाड्यातल्या गाड्यांबद्दल मी लिहीन.

---

दांडियाबाजार, बडोदे
बुधवार, सकाळी ८.१५

जय श्रीकृष्ण मंडळी. धागा काल रात्री एका बैठकीत वाचून काढला.

रामबागकर, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून जपून लिहितो. आमच्या अलकापुरीत एक पिवळी केमन एस आहे. मॅन्युअल. मालक माझ्या चुलतभावाच्या ओळखीचे. गेल्या रविवारीच ती सेव-उसळीच्या दुकानाबाहेर उभी होती, माझ्या धाकटीने तिच्याजवळ उभं राहून फोटो काढून घेतला. फोटोत मागची पाटी दिसते, ‘केमन एस’ असं स्वच्छ लिहिलंय.

त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि रंग या ताईंच्या तीन कलमांवर भारतात निदान दोन झाल्या. हवं असेल तर त्यांना विचारून स्टिकरचा फोटो मागवतो.

---

रामबागकर, इंदूर
बुधवार, सकाळी ८.४०

वाईट? मी सकाळी पोहे समोर ठेवून हे वाचलं आणि बायकोला हाक मारून दाखवलं. दादा, जरूर मागवा. त्यांना सांगा, इंदूरला त्यांच्या गाडीचं माहेर आहे.

---

सांख्यिकीताई, इंदूर
बुधवार, दुपारी २.००

आता मोजायला काहीतरी आलं. दोन रीती सांगते.

पहिली चासी नंबरांची. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांना जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतं ते हवं होतं. हेरांनी ऑगस्ट १९४२साठी १५५० सांगितले. संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या रणगाड्यांचे क्रमांक घेऊन ३२७ सांगितले. युद्धानंतर जर्मनांच्या दफ्तरात निघाले ३४२. रीत सोपी आहे : पाहिलेल्या क्रमांकांतला सगळ्यात मोठा घ्या, त्यात त्यालाच नमुन्यांच्या संख्येने भागून आलेला आकडा मिळवा, एक वजा करा. चार क्रमांक पाहिले, मोठा ६०, तर ६० अधिक १५ वजा १, म्हणजे ७४. पण यातून अख्ख्या मॉडेलचा अंदाज मिळेल, पिवळ्यांचा नाही.

पिवळ्यांसाठी दुसरी रीत, पक्षी मोजणाऱ्यांची. समजा सिरपूर तलावावर ५० पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. महिन्याने ४० पकडले, त्यांतल्या १० जणांच्या पायांत कडी दिसली. म्हणजे कडीवाले चौथा हिस्सा, तर एकूण सुमारे २००. गाड्यांचं तसंच करा. एक यादी जुन्या विक्रीच्या जाहिरातींची, दुसरी मालकांच्या संघाची. दोन्ही याद्यांत असलेल्या गाड्या किती, त्यावरून एकूण किती ते काढता येतं.

एक सावधगिरी. पिवळी गाडी रस्त्यात उठून दिसते, लोक तिचे फोटो काढतात, करड्या गाडीचे कोणी काढत नाही. नुसत्या फोटोंवरून मोजलं तर पिवळ्या आहेत त्याहून जास्त वाटतील. म्हणून याद्या अशा घ्या जिथे रंग पाहून नोंद होत नाही.

---

कागदपत्रंवाला, देवास
बुधवार, रात्री ८.३०

ताई, सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणीच्या संकेतस्थळाच्या डॅशबोर्डवर कंपनीवार, राज्यवार, आरटीओवार आकडे सगळ्यांना बघता येतात. पण त्यात ऑप्शन कोड नसतात, आणि रंग आरसीवर नुसता ‘यलो’ असतो. रंगकाम करून पिवळी केलेलीही ‘यलो’च. तेवढं लक्षात ठेवा.

---

रामबागकर, इंदूर
पुढच्या सोमवारी, रात्री ११.००

मंडळी, बरंच काही हाती लागलं. सवडीने लिहितो.

मेंटेनन्सच्या पुस्तिकेत मुंबईच्या एका जुन्या सर्व्हिसचं बिल दुमडून ठेवलेलं सापडलं. त्यावर पहिल्या मालकांचं नाव आणि लँडलाइन होता. लँडलाइन अजून चालू आहे! उचलला त्यांच्या पत्नीने, आणि दहा मिनिटांनी त्यांनी स्वतः फोन केला. मराठीच निघाले. ते नोकरीनिमित्त इंग्लंडला होते, तिथेच गाडी नवी घेतली, आणि परत येताना २०१०च्या मेमध्ये बरोबर आणली. गरम सीट का, तर तिकडची थंडी. पिवळी का, तर म्हणाले, ‘नोव्हेंबरात तिकडे दुपारी चारला अंधार होतो हो. काहीतरी उजेडाचं दारात असावंसं वाटलं.’

तबकडीचं विचारलं तर लगेच म्हणाले, पाठवण्याआधी तिथल्याच शोरूममध्ये बदलून घेतली, बिल आहे. दुसऱ्या दिवशी फोटो आला. बदलताना जुनी तबकडी ७,९१२ मैलांवर होती, नवी १२,७३३ किलोमीटरवर लावली. मी पेन्सिलीने गुणून पाहिलं. ७,९१२ गुणिले १.६०९३४ बरोबर १२,७३३ येतात. ते पान मी किती वेळ बघत बसलो होतो, सांगता येणार नाही.

बोअरस्कोपही केला. मेकॅनिकने सहाही सिलिंडर पडद्यावर दाखवले. भिंतींवरच्या होनिंगच्या (कारखान्यात घासून काढलेल्या) तिरक्या रेघा सगळीकडे शाबूत. आयुष्यभर मी लेथवर तसल्याच रेघा पाहतो, त्यामुळे मला त्या ओळखता आल्या. इंजिनचे तास ९६१. तबकडी ३८,६०० किलोमीटर दाखवते. म्हणजे सरासरी ताशी ४०. शहरात आणि हायवेवर मिळून चाललेल्या गाडीला हे पटण्यासारखं आहे.

विक्रेत्यालाही फोन केला. आवाज न चढवता विचारलं की तो आकडा आला कुठून. तो म्हणाला, त्याला आधीच्या विक्रेत्याने तसाच कागद दिला होता, त्याने नुसती तारीख बदलली. बिल ऑफ एंट्री त्याच्या फाइलमध्येच पडलेलं होतं, त्याने ते कधी उघडलं नव्हतं. त्याची प्रत मला पाठवली. चार लाखांचं बोलणं काढलं नाही. तो कागद मात्र फाडून टाक, पुढच्या माणसाला देऊ नकोस, एवढं सांगितलं, आणि तो हो म्हणाला.

कंपनीकडेही चासी नंबर पाठवून माहिती मागवली आहे.

---

बॉक्सर_सहा, पुणे
सोमवार, रात्री ११.३०

७,९१२ आणि १२,७३३चं ते बिल आगीपासून सांभाळा. ‘भारतात एकच’पेक्षा त्याची किंमत दहापट आहे. पहिल्या मालकापासूनचा सलग कागद असलेली ९८७ मी आजवर दोनच पाहिल्यात.

---

सांख्यिकीताई, इंदूर
मंगळवार, सकाळी १०.२०

रामबागकर, एक विनंती. एकदा त्या गाडीतून राजवाड्याला चक्कर मारायची आहे. वय ६८ आहे, आत बसता येईल ना?

---

रामबागकर, इंदूर
मंगळवार, सकाळी १०.३५

ताई, खाली वाकून बसावं लागतं, पण मी दार धरून उभा राहीन. रविवारी सकाळी सहाला येतो, गर्दी नसते तेव्हा. सीट गरम करून ठेवतो.

---

दांडियाबाजार, बडोदे
शुक्रवार, रात्री ९.४५

बडोद्याच्या मालकांनी स्टिकरचा फोटो पाठवला. त्यांची परवानगी आहे, म्हणून उतरवून देतो : १२जी, ४७५, ६४०, ६८०. २४९ नाही. ३४२ही नाही, एक्सएससीही नाही. देशाचा कोड सी१६ नाही, वेगळा आहे. मॉडेल वर्ष ७, म्हणजे तुमच्याहून वर्षाने मोठी. अकरावं अक्षर यू.

त्यांनाही विकताना ‘भारतात एकच’ म्हणून सांगितलं होतं.

---

रामबागकर, इंदूर
शुक्रवार, रात्री १०.१०

कंपनीचं उत्तरही आजच आलं. रंग, चामडं, कोड, देश, सगळं स्टिकरशी जुळतं. किती बनल्या ते नाही, बॉक्सर_सहांनी सांगितलं होतं तसंच.

तर ताईंच्या रीतीने यादी इथेच सुरू करतो. ३.४, मॅन्युअल, स्पीड यलो, उजवं स्टिअरिंग, आज भारतात चालती :

१. इंदूर. मॉडेल २००८, फिनलंड, सी१६, वापरलेली आयात २०१०. ३४२ आणि एक्सएससीसकट.
२. बडोदे. मॉडेल २००७, फिनलंड. ३४२ आणि एक्सएससीविना.

तिसरी कोणाच्या पाहण्यात असेल तर स्टिकरचा फोटो आणि मालकांची परवानगी घेऊन इथे लिहा. चासी नंबराचे शेवटचे पाच आकडे झाकून.

---

राजदूतवाला, ग्वाल्हेर
शनिवार, सकाळी ७.३०

मेव्हणे कोल्हापूरला असतात. त्यांच्या कॉलनीत ताडपत्रीखाली एक पिवळी बुटकी गाडी आहे म्हणतात. ताडपत्री उचलायला सांगितलंय.